दाराबाहेरची चावी

पेणच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले की माझं पोट दुखायला लागतं. थट्टा नाही, खरंच दुखतं. लोक पिशव्या भरभरून फुलं नेतात, आंब्याच्या डहाळ्या नेतात, आपट्याची पानं नेतात आणि तोरणात खोचायला भाताच्या लोंब्या नेतात. त्या लोंब्यांकडे मी बघत नाही. फुलवाली ओळखीची आहे. ती दरवर्षी न चुकता म्हणते, "बाई, लोंब्या घ्या की, आजच काढल्यात." आणि मी दरवर्षी न चुकता शेजारच्या पाटीतली कोथिंबीर घेऊन घरी येते.

यंदा दसरा आणि आमची दरफळणी पुन्हा एकाच दिवशी आली आहे. आमचे महिने चंद्रावर चालतात, गावाचेही चंद्रावरच, त्यामुळे ही गाठ बऱ्याचदा पडते. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. पूर्वी आमची माणसं तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावांनी आम्हाला शनवार तेली असं नाव दिलं. घाणे गेले, नाव राहिलं. किप्पूरच्या उपासाला आमच्याकडे दरफळणी म्हणतात, म्हणजे दार लावून घ्यायचा सण. आदल्या संध्याकाळी आंघोळी करायच्या, पांढरे कपडे घालायचे आणि दाराला आतून कडी घालायची. दुसऱ्या दिवशी आभाळात तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, परक्याशी बोलणं नाही. त्या दिवशी घरातली मेलेली माणसं घरी येऊन बसतात, दार उघडलं तर निघून जातात, असं माझी आजी सांगायची आणि तिला तिची आजी. पुस्तकं आमच्याकडे फार उशिरा आली. त्याआधी कितीतरी पिढ्या आम्ही ऐकलेल्यावरच चाललो.

खांब फाट्याच्या आत, हमरस्त्यापासून चार किलोमीटरवर आमचं घर होतं. गावात यहुद्यांचं ते एकच. आमचे बाकीचे नातेवाईक कधीच विमानात बसून इस्राएलला गेले होते. काकांची पत्रं यायची, त्यांत संत्र्यांच्या बागांचे फोटो असायचे. बाबा ते फोटो भिंतीला लावायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. आधी ते धाटावला एका कंपनीत होते. शनिवारची शिफ्ट करणार नाही म्हणाले, म्हणून तिथून सुटले. सुटले असं तेच म्हणायचे, आई काढलं म्हणायची. मग त्यांनी जुनी मिनिडोर घेतली, रायगडात अजूनही धावतात तशी सहा माणसांची, ज्यात दहा बसतात. खांब ते रोहा फेऱ्या. शनिवार रोह्याच्या बाजाराचा, सगळ्यात जास्त गिऱ्हाइकाचा, आणि नेमकी त्याच दिवशी आमची गाडी आंब्याखाली उभी. स्टँडवरचे त्यांना म्हणायचे, "एलोजी, तुजा देव रिक्षा संघटनेचा मेंबर असता तर बरा झाला असता." बाबा सगळ्यांबरोबर हसायचे.

शनिवारी आम्ही विस्तव पेटवत नसू. चूल पेटवायला शेजारच्या सुगंधाकाकू यायच्या. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. त्यांच्या सासूनं माझ्या आजीची चूल पेटवली होती, म्हणून त्या पेटवत. सकाळी सातला पदराखाली काड्यापेटी घेऊन यायच्या, उंबऱ्यातूनच ओरडायच्या, "उठलंव का गो बामणिणींनो?" बामणीण म्हणून आम्हाला चिडवायचं, कारण आमचं सोवळंच तसं. चुलीत जाळ धरला की आधण ठेवायचं, आईशी दोन गोष्टी बोलायच्या आणि जायचं. आमच्या चुलीचा जाळ पकडण्यात त्यांना कोण अभिमान. त्यांचे यजमान काशिनाथकाका बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघं मिळून कुंडलिकेत पोहायला शिकले आणि दोघंही, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, एकेकदा बुडता बुडता वाचले.

मी अकरा वर्षांची होते तेव्हाचा तो हंगाम. हस्ताचा पाऊस जाता जाता दोन दिवस गडगडून गेला होता. भात पिवळं पडायला लागलं होतं, दाणा भरत आला होता. सकाळी दव इतकं की बांधावरून चाललं तर परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा. आणि दुपारी असा उकाडा की कौलांतून वाफ उतरल्यासारखी वाटायची. आमच्या घरात त्या वर्षी उकाड्यापेक्षा वेगळं काहीतरी दाटलेलं होतं. आषाढात माझा धाकटा भाऊ गेला होता. चार महिन्यांचा होऊन. त्याचं नाव शलोम ठेवलं होतं आणि नावाप्रमाणे तो शांतच होता. रडायचा सुद्धा विचारून विचारून. तो गेल्यावर आई कामं सगळी करायची, पण बोलायची नाही. दरफळणी जवळ आली तशी ती एकदम बोलायला लागली. घर सारवलं. त्याचं टोपडं धुऊन, घडी करून कोनाड्यात ठेवलं. मला म्हणाली, "रिबके, दरफळणीला आपला शलोम येणार हाय घरी."

मला भीती वाटली आणि आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

त्या दिवशी सकाळपासून बाहेर दसऱ्याचा आवाज होता. कुठे ढोल, कुठे पोरांची आरडाओरड, कुणी ट्रॅक्टर धुवत होतं. आत आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत. खिडकीच्या फटीतून येणारा उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत होता आणि मी त्याच्याकडे बघून वेळ मोजत होते. मला लहान म्हणून दुपारपर्यंतच उपास होता. बाबा पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून मराठी लिपीत लिहिलेली हिब्रू प्रार्थना म्हणत होते. आई कोनाड्याखाली बसली होती, टोपडं मांडीवर घेऊन. तिच्या चेहऱ्यावर महिन्यांनंतर काहीतरी मऊ आलं होतं. मला वाटलं, आलाय शलोम.

दारावर थाप पडली. मग थापा. मग दोन्ही हातांनी बडवणं.

"एलोजी भावजी! गाडी काढा! यांना पान लागलाय वो, घोणस हाय, लोंब्या काढाया गेलते. भावजी! गाडी काढा!"

पान लागणं म्हणजे साप चावणं, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. काशिनाथकाका तोरणासाठी लोंब्या आणायला शेतात उतरले होते. मी उठले. कडीपाशी मीच सगळ्यात जवळ होते, चार पावलांवर. आईनं माझं मनगट धरलं. तिनं इतकं घट्ट त्याआधी मला कधी धरलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. ती डोक्यानं नाही नाही करत होती, आणि दुसऱ्या हातात टोपडं. बाबांनी वळून पाहिलं. आधी दाराकडे, मग आईकडे. त्यांचे ओठ थांबले होते. मिनिडोरची चावी भिंतीला खिळ्यावर होती, मला दिसत होती. बाहेर सुगंधाकाकू बाबांचं नाव घेत होत्या. बाबा पुन्हा भिंतीकडे वळले आणि मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागले, इतक्या मोठ्यानं की बाहेरचं ऐकू येऊ नये.

थोड्या वेळानं थापा थांबल्या. काकांना बैलगाडीतून हमरस्त्यापर्यंत नेलं, तिथून ट्रकनं रोह्याला. संध्याकाळी तारे दिसल्यावर बाबांनी दार उघडलं, तेव्हा सुगंधाकाकूंच्या अंगणात बायका रडत होत्या.

दुसरा दिवस शिळ्या सणाचा. त्या दिवशी दारं उघडायची, गरिबाला द्यायचं, एकमेकांच्या घरी जायचं. बाबा पहाटेच गाडी घेऊन कुठेतरी निघून गेले. पाणीसुद्धा न पिता. दोस्ताच्या प्रेताला खांदा द्यायला थांबले नाहीत, हे मला तेव्हा फार लागलं. मी नदीवर गेले नाही, पण गावातली माणसं परतताना आमच्या घरावरून गेली, त्यांचं बोलणं ऐकलं. एक म्हातारे म्हणत होते, "त्यांचा धरमच तसा हाय रं. आजचा का हाय तो? एलोजी तरी काय करंल?" दुसरा कुणी काही बोलला नाही, पण कुणी आमच्या दाराकडे थुंकलाही नाही. मला वाटलं, निभावलं. अकरा वर्षांच्या पोरीला वाटतं तसं वाटलं.

पण त्या रात्रीतून काहीतरी फिरलं. दुसऱ्या दिवसापासून मिनिडोरमध्ये गावचं कुणी बसेना. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी उठून मागे गेली. पिठाच्या गिरणीत आमचा डबा शेवटी. सगळ्यांचे होईपर्यंत शेवटी. येणाऱ्या शनिवारी आई सातपासून दाराशी बसून राहिली. नऊ वाजले, दहा वाजले. बाबा म्हणाले, "नाय यायच्या त्या." आम्ही आदल्या दिवशीची भाकरी पाण्याशी खाल्ली. तेव्हापासून आमचे सगळे शनिवार थंड. मला वर्षानुवर्षं कळलं नाही की नदीवरून येताना जी माणसं आम्हाला समजून घेत होती, ती एका रात्रीत इतकी कडू कशी झाली.

बाबांनी गाडी वडखळ-पेण लायनीला लावली, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पहाटे जायचे, उशिरा यायचे. काकांनी इस्राएलहून पुन्हा पुन्हा लिहिलं, निघून या. आईला जायचं होतं. तिनं एकदा बॅगही भरली. बाबा म्हणाले, "तिथं मला कोन वळखतो? हितं वळखतात. वळखणाऱ्यांतच ऱ्हायला पायजे मला." आई त्यानंतर नऊ वर्षांनी गेली, त्याच घरात. शलोमचं टोपडं तिच्याबरोबर दिलं.

आणि चावी. पुढच्या वर्षापासून दरफळणीच्या आदल्या संध्याकाळी, आंघोळ झाली की बाबा मिनिडोरची चावी घेऊन बाहेर जायचे आणि चौकटीवरच्या मेझुझाच्या, म्हणजे देववचनाची गुंडाळी असते त्या डबीच्या खाली, बाहेरून ठोकलेल्या खिळ्याला अडकवायचे. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी करायचे. मग आत येऊन कडी घालायचे. कुणी कधी त्या चावीला हात लावला नाही. मला त्यांचा राग यायचा. मनात म्हणायचे, चावी बाहेर ठेवता येते तर दार का उघडता येत नाही? पण विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय लागली होती.

मी शिकले, पेणला शाळेत नोकरी लागली. माझ्या चार भिंतींत मी शनिवारचा शब्बाथ पाळते. कशाला, असं सहकारी विचारतात, प्रेमानंच विचारतात. "मॅडम, तुमच्यात आता उरलंय कोण?" मुंबईची एक स्थळवाली बाई तर म्हणाली होती, तुम्ही गावाकडचे, तुमचं हिब्रू कच्चं, तुम्हाला खरे यहुदी मानतील की नाही शंकाच आहे. गावानं यहुदी म्हणून वाळीत टाकलं आणि ही म्हणते यहुदी नाहीच. मी घरी येऊन एकटीच हसले, आणि हसता हसता रडले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सिनेगॉगमध्ये बाहेरगावचा एक तरुण शिकवायला आला होता. चष्मा, विरळ दाढी, मनमिळाऊ. म्हाताऱ्यांना शब्बाथचे नियम सांगत होता. बोलता बोलता सहज म्हणाला, "आणि कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर शब्बाथच काय, किप्पूरही मोडायचा. परवानगी नाही, हुकूम आहे. विचारत बसायचं नाही." पुढे तो दुसऱ्या नियमाकडे गेला. मी खांबाला टेकून बसले होते. मला काही ऐकू येईना. कानात फक्त थापा.

म्हणजे दार उघडायचं होतं. काशिनाथकाका एका नसलेल्या नियमानं गेले होते.

बाबा तेव्हा सत्तरीपुढचे. गाडी भंगारात गेली होती, चावी तेवढी राहिली होती. ते गावात एकटे राहायचे, शनिवारी थंड भाकरी खायचे, दिवसातून तीनदा शेमाची प्रार्थना म्हणायचे. मला वाटायचं, देवाचा हुकूम होता म्हणून आपण दार उघडलं नाही, या एकाच आधारावर हा माणूस इतकी वर्षं उभा आहे. तो आधार काढून घ्यायचा? न सांगावं तर मी खोटं जगते, सांगावं तर ते कोसळतील. आणि त्यांचा विश्वास गेला तर त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? वर्षभर मी ते पोटात ठेवलं. रविवारी जायची, त्यांना वालाचं बिरडं करून घालायची आणि एसटीनं परत यायची.

मग एका रविवारी, भात असंच पिवळं होत असताना, बोलून गेले. ओट्यावर बसून ते वाल सोलत होते. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी दार उघडलं असतं तर चाललं असतं. आपल्या धर्मात तसंच आहे. जीव वाचवायचा तर किप्पूर मोडायचा."

त्यांचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"शिळ्या सणापासून. पहाटे गाडी घेऊन पेणला गेलतो, म्हाताऱ्या हझ्झानाकडं. त्यांना विचारला. ते रडाया लागले. म्हणाले, एलोजी, उघडायला पायजे व्हतास." हझ्झान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे. त्यांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

त्यांनीच पुढे सांगितलं. "तसाच मागारी आलो नि सुगंधाच्या दारात गेलो. सगली माणसं बसली व्हती. म्हटला, देवाची मनाई नव्हती. माजी चूक. मला म्हायती नव्हता, पण दार माजा व्हता."

रात्रीतून गाव का फिरलं, ते तेव्हा मला कळलं. गाव आम्हाला माफ करायला निघालं होतं. त्यांचा धरमच तसा, म्हणून सोडून देणार होतं. बाबांनी स्वतः जाऊन ती वाट बंद केली होती.

"का सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडले. "गप्प बसला असतात तर आपण माणसांत राहिलो असतो. आई माणसांत राहिली असती."

त्यांनी सोललेले वाल पाण्यात टाकले. "लोक म्हणत व्हते, यांचा देवच असला. मी ऐकला ते. चूक मी केलेली, नि नाव त्याचा खराब व्हायचा? नाय गो. ज्याची चूक त्यानं घ्यावी." हात पुसून म्हणाले, "तुज्या आयचा नाव घ्यायचा नाय हां कधी. ती लेकराजवल बसली व्हती."

त्यांनी आईचा हात पाहिला होता. माझ्या मनगटावरचा. त्याबद्दल आई होती तोवर त्यांनी तिला एक शब्द विचारला नव्हता, आणि सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलाही नव्हता.

यंदाच्या श्रावणात बाबा गेले. पेणहून, अलिबागकडून आमची माणसं आली, तरी दहा पुरुष जमेनात. काद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा लागतात. दोन तास वाट पाहिली, शेवटी एक जण मुंबईहून भिजत आला. गावातली चार माणसं रस्त्याच्या पलीकडे छत्र्या घेऊन उभी राहिली, तिथूनच पाहून गेली. शोकाचे सात दिवस मी त्या घरात काढले. कौलं गळत होती. त्यात शनिवार आला. घरात विस्तव नव्हता, मी गोधडी पांघरून जमिनीवर बसले होते. सात वाजले असतील.

दार उघडंच होतं. उंबऱ्यात सुगंधाकाकू उभ्या होत्या. वाकलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू, पदराखाली काहीतरी धरलेलं. भिजू नये म्हणून काड्यापेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. माझ्याकडे न बघता त्या आत गेल्या. हात भिंतीला लावत, पण वाट न चुकता. चुलीत जाळ धरायला त्यांना वेळ लागला. लाकडं ओली होती, तीन काड्या विझल्या. मग धूर झाला, आणि मग जाळ. त्यांनी आधण ठेवलं आणि चुलीपुढेच बसून राहिल्या.

"दरसालला चावी बघाची मी," त्या म्हणाल्या. "भाएरची. माज्यासाठीच टांगतो म्हून ठावं व्हता."

मी काहीतरी म्हणायला गेले. त्यांनी हात वर केला.

"तुज्या बापाला मी माफ नाय केलाय. करनार पन नाय. पन त्यानं माज्या दारात येऊन खोटा नाय सांगितला." आणि पदरानं डोळे पुसून, उठता उठता म्हणाल्या, "च्या पी. शनवार हाय, घरात कोन नाय, विस्तव तरी पायजे ना गो."

आज संध्याकाळी दरफळणी लागेल. खाली सोसायटीत रांगोळ्या चालल्या आहेत. कुणीतरी जिन्याच्या कठड्याला तोरण बांधलं आहे, त्यात लोंब्या आहेत, आणि आज मी त्या पाहिल्या. आंघोळ झाली. पांढरी साडी नेसले. माझ्या स्कूटीची चावी दाराबाहेर मेझुझाखाली टांगली आहे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मॅडम, चावी बाहेर राहिली तुमची." म्हटलं, राहू द्या, लागली कुणाला तर.

मग आत आले. दार लोटलं. कडी घातली नाही.